लोकलची वीज आणि लोकलची गर्दी

मुंबईची स्लो लोकल स्टेशन सोडते, मिनिटभरात वेग पकडते आणि मग मोटरचा आवाज एकदम थांबतो. नुसती रुळांची खडखड उरते. पुढचं स्टेशन अजून लांब असतं, पण मोटरमनने वीज तोडलेली असते आणि गाडी मिळवलेल्या वेगावर आपोआप धावत असते. दारात उभ्या असलेल्या कुणालाही हे रोज ऐकू येतं.

मोटारीला हे एवढं जमत नाही. रबरी टायर रस्त्यावर दबतो, पुन्हा फुगतो आणि दर फेऱ्याला थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावून बघा. पोलादी चाक मात्र रुळावर जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत टेकतं आणि जवळजवळ दबतच नाही. म्हणून तेवढंच वजन रुळावरून ओढायला रस्त्याच्या पाचव्या ते दहाव्या हिश्शाएवढा जोर पुरतो. मग लोकलची वीज जाते कुठे? मुख्यतः थांबण्यात.

हिशेब मांडू. बारा डब्यांची गाडी, आत चार हजार माणसं, सगळं मिळून ७०० टन धरू. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. या वेगातल्या गाडीची गतिज ऊर्जा येते १४ कोटी ज्यूल, म्हणजे साधारण ३९ युनिट. आपल्या घरच्या मीटरवरचीच युनिटं. लहानशा घराला आठवडाभर पुरेल एवढी वीज गाडीला वेगात आणायला लागते आणि दोन किलोमीटरवर पुढचं स्टेशन आलं की ती ब्रेकमध्ये संपते. चर्चगेट ते विरार या ६० किलोमीटरमध्ये हे पंचविसाहून जास्त वेळा होतं.

बॉम्बे व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली, १५०० व्होल्टच्या डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. त्या पद्धतीच्या जुन्या गाड्यांमध्ये सुटताना मोटरला विजेचा पूर्ण दाब (व्होल्टेज) एकदम देता येत नसे. मधे वीज अडवणारे रोधक घालायचे आणि ते टप्प्याटप्प्याने काढत जायचं. तोवर बरीच वीज शेगडीसारखी नुसती तापण्यात जाई. गाडी सुटताना लागोपाठ बसणारे ते हिसके जुन्या प्रवाशांना आठवत असतील. थांबताना ब्रेकचे ठोकळे चाकांवर घासत आणि ३९ युनिटांचा धूर, वास नि लोखंडी भुकटी होई.

२००७ पासून आलेल्या नव्या गाड्यांमध्ये हे बदललं. ब्रेक लावला की मोटरच जनित्र होते: चाकं तिला फिरवतात, ती वीज तयार करते आणि ती वीज डोक्यावरच्या तारेत परत जाते. तुमची गाडी थांबताना दिलेली वीज शेजारून सुटणारी गाडी वापरते. जुन्या गाड्यांच्या तुलनेत जवळपास एक तृतीयांश वीज यामुळे वाचते. डीसीमध्ये एक अडचण होती. जवळपास वीज घेणारी दुसरी गाडी नसेल, तर ती परत ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या मुख्य जाळ्यात, ढकलता येत नसे आणि पुन्हा ठोकळेच घासावे लागत. पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये, मध्यच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये आणि हार्बरवर २०१६ मध्ये २५,००० व्होल्टची एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज आली आणि ती अडचण सुटली. शिवाय दाब सतरापट झाला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह सतरा पटींनी कमी लागतो. तारेतला तोटा प्रवाहाच्या वर्गावर ठरतो, त्यामुळे त्याच तारेत तो अडीचशे पटींहून जास्त घटतो.

आता माणशी खर्च. मोटरमधला नि तारांमधला तोटा, घर्षण, दिवे-पंखे धरून दोन किलोमीटरच्या एका टप्प्याला ६० युनिट लागतात असं मानू आणि परत मिळणारी वीज सोडूनच देऊ. चार हजार माणसांत किलोमीटरला माणशी ०.००७५ युनिट येतं. कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होतो, म्हणून प्रामाणिकपणे तिप्पट करू: ०.०२२. लिटरला ५० किलोमीटर देणारी स्कूटर एकट्याने चालवली, तर पेट्रोलमधली ऊर्जा किलोमीटरला ०.१८ युनिट पडते, म्हणजे लोकलच्या आठपट. लिटरला १२ देणारी मोटार, आत एकटा साहेब: ०.७५.

पण इथे एक गोम आहे. ते चार हजार! बसायच्या जागा हजाराच्या थोड्याच वर. बाकीचे उभे, आणि उभे म्हणजे कसे? रेल्वेच्या भाषेत याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात: एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं. घरातल्या दोन फुटी टाइल्सपैकी तिनांवर पंधरा जण उभे करून बघा. लोकलच्या काटकसरीचं कौतुक ऐकलं की मला या टाइल्स आठवतात. त्या काटकसरीतला काही भाग आपल्या बरगड्यांनी भरलेला आहे.

किती भाग, तेही काढता येतं. गाडीत चारऐवजी दोनच हजार माणसं घेतली, तर वजन ७०० वरून ५८० टनांवर येतं आणि माणशी खर्च दीडपटीहून थोडा जास्त होतो. ०.०३७. तरीही तो स्कूटरच्या पाचव्या हिश्शाएवढाच राहतो! म्हणजे निम्मी गर्दी परवडते, विजेच्या हिशेबाने तरी. २५ डिसेंबर २०१७ पासून धावणाऱ्या वातानुकूलित (एसी) लोकलमध्ये गारव्यासाठी वेगळी वीज लागते, पण तीही माणसांत वाटली जाते. दुप्पट गाड्यांना लागणारे रूळ, सिग्नल आणि फलाट हा खर्च मात्र वेगळा, आणि खरी अडचण तिथे आहे.

जाता जाता आणखी एक गणित. सीएसएमटीहून ठाण्यापर्यंतच्या ३४ किलोमीटरला कोळशासकट माणशी पाऊण युनिट जातं. ठाण्याला उतरून दोन किलोमीटरवरच्या घरी एकट्याने रिक्षा केली, आणि रिक्षा किलोभर सीएनजीत ३० किलोमीटर जात असेल, तर ०.९ युनिट. शेअरमध्ये तिघे बसले तर ०.३.