प्रतिकृती विमानबांधणी, मोठ्या मापाची

प्रतिकृती विमानबांधणी, मोठ्या मापाची : खऱ्या विमानाची, प्रमाण न सोडता, आकाराने मोठी प्रतिकृती स्वतःच्या हातांनी तयार करण्याचा छंद. बाजारातल्या किटचे भाग जोडून केलेली प्रतिकृती हा याचा एक प्रकार. प्लॅस्टिकचे ताव, लाकूड, पत्रा, तार यांतून प्रत्येक भाग घडवून केलेली प्रतिकृती हा दुसरा, आणि प्रस्तुत नोंदीत भर या दुसऱ्यावर आहे. त्याला छांदिष्टांमध्ये ‘स्क्रॅचबिल्ड’ हाच शब्द रूढ आहे. शर्यत सुरू होते तिथे जमिनीवर ओढलेली रेघ म्हणजे स्क्रॅच. ज्याला पुढे उभे राहण्याची सवलत नाही तो धावपटू या रेघेवरून धावतो. किटची सवलत न घेणाऱ्याला हा शब्द शोभतो. मराठीत ‘मुळापासून बांधणी’ म्हणावे. ‘शून्यातून’ म्हणणे तितकेसे बरोबर नाही, कारण इथे मूळ विमान समोर असते आणि सगळी निष्ठा त्याच्याशीच असते.

माप : ‘मोठे’ कुठून म्हणायचे याविषयी एकवाक्यता नाही. मांडून ठेवायच्या, म्हणजे स्थिर प्रतिकृतींत १/३२ आणि त्याहून मोठ्या प्रमाणाला मोठे माप म्हणण्याची प्रथा आहे. १/३२, १/७२ हे आकडे दशमान पद्धतीत वाढलेल्या वाचकाला विचित्र वाटतात, पण त्यांचे मूळ फूट-इंचांत आहे. ६ फुटांना १ इंच धरले की १/७२. फुटाला पाव इंच धरला की १/४८. फुटाला ३/८ इंच म्हणजे १/३२ आणि अर्धा इंच म्हणजे १/२४. १/७२ हे प्रमाण रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः १९३२ च्या सुमारास आलेल्या ‘स्कायबर्ड्स’ या ब्रिटिश लाकडी संचांना दिले जाते. १९३६ मध्ये ‘फ्रॉग पेंग्विन’चे प्लॅस्टिकचे संच त्याच मापात निघाले. दुसऱ्या महायुद्धात विमाने ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी अमेरिकेत शाळकरी मुलांकडून याच मापाची लाकडी विमाने मोठ्या संख्येने करून घेतली गेली. या मापाची प्रतिकृती ३५ फुटांवर धरली तर डोळ्याला ती जवळजवळ अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते, हा त्यामागचा साधा हिशेब. मोठ्या मापांना घरोघरी नेणारा टप्पा म्हणून १९७० साली आलेल्या एअरफिक्सच्या १/२४ स्पिटफायरचा उल्लेख करावा लागतो.

उडणाऱ्या प्रतिकृतींत प्रमाणापेक्षा पंखांचा विस्तार पाहतात. अमेरिकेतल्या प्रघाताप्रमाणे एकपंखी विमान ८० इंच आणि द्विपंखी ६० इंच झाले की ते मोठ्या मापाचे. वरची मर्यादा आंतरराष्ट्रीय विमानक्रीडा महासंघाच्या नियमांत सर्वसाधारणपणे २५ किलो वजन आणि ५०० चौरस डेसिमीटर पृष्ठफळ अशी आहे.

उगम : पहिली मोठी, इंजिनावर उडालेली प्रतिकृती कोणाची, हा प्रश्न जुना आणि वादाचा आहे. इंग्लंडमधील सॉमरसेटच्या चार्ड गावच्या जॉन स्ट्रिंगफेलो याचे नाव सर्वांत आधी येते. तो लेस विणणाऱ्या यंत्रांचे बॉबिन आणि त्यांचे कॅरेज बनवणारा कारागीर होता. सोलापूरसारख्या मागाच्या शहरातल्या वाचकाने हे नीट लक्षात घ्यावे, कारण बारीक, हलके आणि तरी मजबूत भाग करण्याचा हात त्याला त्या धंद्यातूनच मिळाला. विल्यम हेन्सन याच्याबरोबर केलेली सुमारे २० फूट विस्ताराची वाफेवरची प्रतिकृती उडाली नाही. पुढे १८४८ मध्ये त्याने एकट्याने १० फूट विस्ताराची प्रतिकृती केली आणि चार्डमधल्या एका बंद पडलेल्या लेस गिरणीच्या लांब दालनात ती तारेवरून धावत नेऊन सोडली. तार सुटल्यावर ती स्वतःच्या बळावर तरंगत पुढे गेली, असे त्याच्या बाजूचे लोक सांगतात. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे, की तारेवर मिळालेला वेग हळूहळू संपत जाणे आणि खरोखर उडणे यांतला फरक दालनाच्या लांबीत ठरवता येत नाही. शिवाय सविस्तर वृत्तांत त्याच्या मुलाने बऱ्याच वर्षांनी लिहिलेला आहे. स्ट्रिंगफेलोच्या कारागिरीविषयी मात्र कुणी शंका घेत नाही. १८६८ च्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात त्याच्या हलक्या वाफेच्या इंजिनाला १०० पौंडांचे बक्षीस मिळाले होते.

फ्रान्सच्या आल्फाँस पेनो याने १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी बागेत पीळ दिलेल्या रबरावर चालणारी प्रतिकृती ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर उडवली. उड्डाण निर्विवाद, पण प्रतिकृती लहान. मोठ्या आकाराचे निर्विवाद उड्डाण म्हणून ६ मे १८९६ चे नाव घ्यावे, असा प्रस्तुत लेखकाचा कल आहे. त्या दिवशी अमेरिकी शास्त्रज्ञ सॅम्युएल लँग्ली याचे वाफेवर चालणारे, सुमारे ४ मीटर विस्ताराचे मानवरहित विमान पोटोमॅक नदीवर जवळजवळ एक किलोमीटर गेले. पाहणाऱ्यांत अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल होता आणि त्याने छायाचित्र घेतले.

महाराष्ट्रात या चर्चेत शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव अटळपणे येते. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे मानवरहित विमान उडवले, ते १,५०० फूट उंच गेले, असे सांगितले जाते. ही हकीकत मुख्यतः नंतरच्या लेखनातून आलेली आहे. तिची सांगड ‘वैमानिक शास्त्र’ या संस्कृत ग्रंथाशी घातली जाते. त्या ग्रंथाची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. ग्रंथ विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतला असावा आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. तळपदे यांनी प्रतिकृती बांधलीच नसेल असे यावरून ठरत नाही. पण बांधणीचा इतिहास मापे, वजने आणि छायाचित्रे यांवर उभा राहतो, आणि तिथे लँग्लीची बाजू भक्कम आहे.

आराखडा : मुळापासून बांधणीचा निम्मा वेळ कात्री हातात घेण्याआधीच जातो. किटकर्त्याने जे संशोधन तुमच्यासाठी केलेले असते, ते इथे स्वतः करायचे असते. उदाहरण म्हणून एचएफ-२४ मरुत घेऊ. जर्मन विमानरचनाकार कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये (आजची एचएएल) आखलेले हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. लांबी १५.८७ मीटर, पंखांचा विस्तार ९ मीटर. १/७२ मध्ये ते २२ सेंटिमीटर लांब, म्हणजे लांबट चपातीच्या डब्यात मावेल एवढे होते. १/३२ मध्ये ४९.६ सेंटिमीटर आणि १/२४ मध्ये ६६ सेंटिमीटर. लांबी तिप्पट झाली की पृष्ठफळ नऊपट होते, आणि त्या नऊपट जागेवर प्रत्येक झाकण, प्रत्येक रिव्हेट दिसले पाहिजे असे पाहणाऱ्याला वाटू लागते.

पहिली चूक इथेच होते. हाती लागलेला १/७२ चा त्रिदर्शी (वरून, बाजूने आणि समोरून विमान दाखवणारा) आराखडा झेरॉक्सवर तिप्पट करून घेतला जातो. मूळ आराखड्यातली ०.३ मिलिमीटरची रेघ खऱ्या विमानावर २१.६ मिलिमीटर जागा व्यापते. तिप्पट केल्यावर ती कागदावर ०.९ मिलिमीटर होते, आणि कापायचे कुठे, रेघेच्या आत की बाहेर, हा प्रश्न उरतोच. दोन्ही बाजूंनी बाहेर कापले तर धड जवळजवळ दोन मिलिमीटर फुगते. मरुतसारख्या विमानात ते लगेच जाणवते. त्याचे धड पंखांपाशी कमरेसारखे आत घेतलेले आहे, ध्वनीच्या वेगाजवळ विरोध कमी व्हावा म्हणून. कमरेचा तो बाक गेला की विमानाची सगळी ऐट जाते.

म्हणून आराखडा मोठा न करता नव्याने काढावा. ज्ञात मापे आधी मांडायची : एकूण लांबी, विस्तार, चाकांचा व्यास, दोन चाकांमधले अंतर. मग धडाच्या लांबीवर ठराविक अंतराने उभ्या रेघा पाडून प्रत्येक रेघेवरचा छेद काढायचा. छायाचित्रे लांबून घेतलेली हवीत. जवळून घेतलेल्या चित्रात नाक फुगते आणि शेपूट आखडते. शक्य असेल तर विमानच गाठावे. मरुत मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आहे आणि बंगळूरच्या एचएएल संग्रहालयातही आहे. सोलापूरकराला दोन्हीकडे जायला उद्यान एक्सप्रेस पुरते. परवानगी घेऊन, टेप न ताणता, इंजिनात हवा घेणाऱ्या बाजूच्या तोंडांपाशी आणि त्यांतल्या अर्ध्या शंकूंपाशी घेतलेली चार मापे शंभर छायाचित्रांचे काम करतात.

घडण : धडासाठी दीड मिलिमीटरच्या पॉलिस्टायरीन तावातून छेदांच्या चौकटी कापून कण्यावर उभ्या करतात आणि त्यांवर पातळ तावाच्या पट्ट्या चिकटवतात, मधल्या फटी गॅरेजमधल्या एनसी पुट्टीने किंवा एमसीलने भरून वॉटर पेपरने घासतात. खऱ्या विमानाचा पत्रा साधारण १ मिलिमीटर असतो, म्हणजे १/२४ मध्ये ०.०४ मिलिमीटर. एवढा पातळ ताव हाताळता येत नाही. पाव मिलिमीटरचा ताव वापरला तरी खऱ्या मापात तो ६ मिलिमीटर जाड ठरतो. म्हणून पंखाची मागची कड, चाकांची दारे, हवेच्या तोंडांच्या ओठांची धार, जिथे जाडी डोळ्याला दिसते तिथे, आतून घासून पातळ करावी लागते. रिव्हेटसाठी जुन्या मनगटी घड्याळातले दातेरी चक्र बोरूसारख्या दांडीत बसवून पट्टीच्या कडेने फिरवतात. दात मोजून चक्र निवडावे. १ मिलिमीटरला एक दात आला तर १/२४ मध्ये रिव्हेट २४ मिलिमीटरवर पडतात.

मरुत तीन चाकांवर उभे राहते आणि त्यांतले एक नाकाखाली असते, त्यामुळे नाकात वजन हवे. सायकलचे छर्रे ॲरल्डाइटमध्ये बुडवून नाकात बसवतात, पण धड बंद करण्याआधी. नंतर ती सोय राहत नाही आणि शेपटीवर बसलेले विमान पाहण्यासारखे वाईट दृश्य नाही.

उडती विमाने व नियम : उडणाऱ्या प्रतिकृतींत मोठ्या मापाचा फायदा असा, की ती हवेत खऱ्या विमानासारखी संथ, वजनदार चाल धरते. तोटाही त्याच गणितात आहे : माप दुप्पट केले की पंखाचे क्षेत्रफळ चौपट होते आणि वजन आठपट होऊ पाहते. भारतात ड्रोन नियम, २०२१ नुसार शिक्षणासाठी, संशोधनासाठी वा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींचा स्वतंत्र वर्ग आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात परवानगीशिवाय २०० फुटांपर्यंतच उडवता येते. त्याहून जवळ परवानगी लागते.

सोलापूर : सोलापूरचा विमानतळ होटगी रस्त्यावर, शहराला लागूनच आहे. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचे नव्याने उद्घाटन झाले. वरच्या नियमाचा वर्तुळाकार पट्टा नकाशावर आखला की जवळजवळ सगळे शहर त्याच्या आतल्या, परवानगी लागणाऱ्या भागात येते. त्यामुळे इथे मोठ्या मापाचा छंद स्थिर प्रतिकृतीच्या बाजूने झुकणे साहजिक आहे.

या शहरात या कामाला पोषक अशी एक गोष्ट आहे, तिचा उल्लेख क्वचितच होतो. सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर चढण्याआधी चौकटीच्या कागदावर उतरते. एक चौकोन म्हणजे ताण्याबाण्याची एक गाठभेट. वळणदार पाकळी चौकोनांच्या पायऱ्यांत बसवताना कुठे एक घर पुढे सरकायचे, हे ठरवणारा डोळा आणि विमानाचा छेद आलेखावर उतरवणारा डोळा एकच आहे. पूर्व भागात मागांचे सुटे भाग करणारे लेथ आहेत. ॲल्युमिनियमच्या सळईतून चाके आणि इंजिनाच्या मागची नळकांडी तिथे कातून घेता येतात. मरुतची दोन ऑर्फियस इंजिने शेजारी शेजारी बसतात, म्हणून दोन्ही नळकांडी एकाच वेळी, एकाच सळईतून काढून घ्यावीत.

अडचण हवामानाची आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. पॉलिस्टायरीन जवळजवळ १०० अंशांना मऊ पडते, पण पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत पातळ ताव त्याच्या आधीच वाकतो. फेविक्विकसारखा गोंद हवेतल्या ओलाव्याने धरतो. मेमधल्या कोरड्या दुपारी तो ओला राहतो, आणि जोडावर तोंडाची वाफ सोडली की बसतो. एअरब्रशने मारलेला रंग पृष्ठभागावर पोचेपर्यंत सुकून खरखरीत पडतो, म्हणून रंगकाम पहाटे करावे. पावसाळ्यात उलट होते, थिनरच्या रंगावर पांढुरकी झाक येते. मागांच्या शेजारी राहणाऱ्याला कापसाच्या तुसाचाही त्रास असतो. फरशीवर पाणी शिंपडून, पंखा बंद करून, दार लावून अर्धा तास थांबावे आणि मग रंग भरावा.

कॉकपिटवरची काच मात्र उन्हाळ्यातच चांगली होते, कारण साचा आधीच कोमट असतो. सागवानात कोरून, पॉलिश करून घेतलेला साचा टेबलावर घट्ट उभा करायचा. प्लायच्या तुकड्याला साच्याच्या घेरापेक्षा दोन मिलिमीटर मोठे भोक पाडून त्यावर पारदर्शक तावाचा तुकडा टाचण्यांनी ताणून बसवायचा. गॅसच्या मंद आचेवर तो फिरवत राहायचे. ताव आधी कुरकुरतो, मग सुरकुततो आणि मग अचानक सपाट होऊन मध्यभागी किंचित लोंबतो. तोच क्षण. प्लाय साच्यावर एका दमात खाली दाबायचा आणि वीस आकडे मोजेपर्यंत हात हलवायचा नाही. साच्यावर राहिलेला धुळीचा कण काचेत फुगवटा होऊन उतरतो, त्यामुळे दाबण्यापूर्वी साचा तळहाताने पुसावा; फडक्याचे तंतू सुटतात, तळहाताचे सुटत नाहीत. चांगली काच पाचव्या-सहाव्या खेपेला मिळते आणि ताव त्याच हिशेबाने आणावे लागतात.