पार्श्वभूमी : ऑनलाइन छळ आणि गप्प राहणारे बघे

एखाद्यावर समाजमाध्यमांत शिव्यांची झोड उठते, असंख्य लोक ती वाचतात आणि मध्ये पडणारे मोजकेच निघतात. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०१७ च्या पाहणीत ६६ टक्के अमेरिकी प्रौढांनी इतरांचा ऑनलाइन छळ होताना पाहिल्याचे सांगितले. या गप्प बसण्याचे कारण सांगताना हमखास दिला जाणारा दाखला मात्र इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो निम्माच खरा आहे.

१३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाला. ३८ शेजारी नुसते बघत राहिले, हल्ला चालू असताना एकानेही पोलिसांना कळवले नाही, असे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दोन आठवड्यांनी पहिल्या पानावर छापले. शहरी माणूस निगरगट्ट झाला, असा गलका उठला. ही बातमी पुढे टिकली नाही. एका शेजाऱ्याने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला पळवले होते. एक शेजारीण धावत खाली गेली आणि जखमी किटीला धरून बसली होती. २०१६ मध्ये त्या वृत्तपत्रानेच आपल्या वार्तांकनातील दोष मान्य केले.

तोवर त्या बातमीतून एक सिद्धांत जन्मला होता : बघे जितके जास्त, तितकी त्यातल्या एकेकाची मदतीला धावण्याची शक्यता कमी. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवर बोलत. त्यातल्या एकाला अपस्माराचा झटका (फिट) आल्याचे ऐकू येई; तो बनाव असे. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के झटका ओसरण्याआधी मदतीला उठले. आणखी चौघे ऐकताहेत असे वाटल्यावर ३१ टक्केच. न उठलेल्यांना काही वाटत नव्हते असे नाही. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. दुसऱ्या कुणीतरी काही केले असेल, एवढाच हिशेब आड आला.

माझ्या मते या प्रयोगातली सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे त्या बंद खोल्या. कोण काय करतेय हे कुणालाच दिसत नव्हते. म्हणजे तो रस्त्यापेक्षा चॅटरूमच्या अधिक जवळचा. रस्त्यावर चित्र निराळेच निघाले. ॲम्स्टरडॅम, केप टाऊन आणि लँकेस्टर इथल्या २१९ भांडणांचे सीसीटीव्ही चित्रण तपासणाऱ्या २०१९ च्या अभ्यासात ९१ टक्के वेळा निदान एक तरी बघ्या मध्ये पडला होता, आणि गर्दी जास्त तशी मदतीची शक्यताही जास्त होती.

इंटरनेटवर ही गर्दी अदृश्य असते. कुणी पीडित व्यक्तीला खासगीत धीर दिला, कुणी पोस्टची तक्रार नोंदवली, तरी बाकीच्यांना त्याचा पत्ता लागत नाही. त्यांना दिसतात फक्त शिव्या आणि त्याखालची शांतता. शिवाय जुने भांडण आहे की थट्टा, हे कळत नाही, आणि तोंड उघडले तर तोच जमाव आपल्यावर उलटेल ही भीती असते. ती खोटी नाही.

मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक मार्की यांनी २००० मध्ये चॅट गटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मदतीची विनंती सर्वांना उद्देशून केली, तर गट जितका मोठा तितके उत्तर उशिरा येई. एकाचे नाव घेऊन विचारले की हा परिणाम नाहीसा होई. तक्रारीचे बटण अजूनही कुणाचे नाव घेत नाही.