डिजिटल पियानोची पारख

डिजिटल पियानोची पारख : घरच्या रियाजासाठी किंवा रंगमंचासाठी डिजिटल पियानो निवडताना त्याच्या पट्ट्या, ध्वनी, पेडल व जोडण्या तपासण्याची पद्धत. या वाद्यात तारा नसतात. पट्टी किती वेगाने खाली गेली हे सेन्सर टिपतात आणि त्या वेगाला साजेसा, ध्वनिमुद्रित केलेला किंवा गणिताने घडवलेला स्वर वाजतो. वाद्ये आणि संगणक एकमेकांना जोडणाऱ्या, १९८३ पासून रुळलेल्या मिडी पद्धतीत हा वेग १ ते १२७ या आकड्यांत मांडतात.

तपासणी पट्ट्यांपासून सुरू करावी. आवाज पुढे सुधारता येतो. बाहेरचे स्पीकर जोडता येतात, संगणकावरचा पियानोही वाजवता येतो. पट्ट्यांची यंत्रणा मात्र घेतली तीच राहते आणि शिकणाऱ्याची बोटे तिच्यावरच घडतात. म्हणून तीनशे आवाजांच्या यादीपेक्षा एका चांगल्या हॅमर अ‍ॅक्शनला, म्हणजे हातोडीच्या वजनावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या यंत्रणेला, जास्त किंमत द्यावी.

पूर्ण वाद्याला ८८ पट्ट्या असतात. खर्जाकडच्या जड आणि तार सप्तकाकडे हलक्या होत जाणाऱ्या असाव्यात. तारांच्या पियानोत मधल्या सप्तकातली पट्टी खाली जायला साधारण ५० ग्रॅम भार पुरतो. पण नुसत्या जडपणावर जाऊ नये. स्प्रिंगवर चालणारी पट्टी जसजशी खाली जाते तसतशी उलट रेटते. हातोडीचे वजन असलेली पट्टी सुरुवातीला अडते आणि मग सोडून देते. हा फरक मंद आणि हळू वाजवतानाच बोटाला कळतो.

पट्टी आत कुठे टेकलेली आहे, हेही महत्त्वाचे. आटोपशीर वाद्यांत हा टेकू जवळ असल्याने पट्टीचा आतला भाग दाबायला फार जोर लागतो. बी मेजर वाजवताना अंगठा काळ्या पट्ट्यांच्या मधोमध जातो. तिथे स्वर दबका निघत असेल तर दोष बहुधा बोटांचा नसून टेकूचा असतो. त्यानंतर एकच पट्टी पूर्ण वर येऊ न देता भरभर वाजवावी. दोन सेन्सरच्या यंत्रणेत काही आघात गळतात, तीन सेन्सरच्या यंत्रणेत ते सहसा टिकतात. अगदी सावकाश दाबलेली पट्टी मुकी राहिली पाहिजे, कारण तारांच्या पियानोतही तसेच होते.

ध्वनीची परीक्षा हेडफोन लावून करावी. एकच स्वर अतिमंद ते जोरकस असा चढवत न्यावा. मध्येच स्वराचा पोत एकदम बदलला तर ध्वनिमुद्रणाचे थर कमी आहेत असे समजावे. खर्जातला एक स्वर धरून तो विरेपर्यंत ऐकावा. स्वस्त वाद्यांत काही क्षणांनी तोच तुकडा फिरून फिरून वाजल्याचे जाणवते. पॉलिफोनी म्हणजे एकाच वेळी किती आवाज वाजू शकतात त्याची मर्यादा. स्टिरिओ स्वराला अनेकदा दोन आवाज खर्ची पडतात, म्हणून ६४ चा आकडा व्यवहारात निम्मा ठरू शकतो. पेडल दाबून खर्जाचा स्वर धरावा आणि वरती भराभर स्वरसमूह वाजवावेत. तळाचा स्वर अचानक तुटला तर मर्यादा तिथेच दिसली. यामाहा पी-४५ मध्ये ६४, तर रोलँड एफपी-३०एक्स मध्ये २५६ ची पॉलिफोनी आहे.

सोबत मिळणारे चौकोनी छोटे पेडल बऱ्याचदा नुसते बटण असते. पेडल हळूहळू सोडताना स्वर टप्प्याटप्प्याने विरला तर अर्धे पेडल (अर्धवट दाबून स्वर थोडाच धरणे) चालते, झटकन तुटला तर नाही. दुसऱ्या कंपनीचे पेडल जोडल्यावर कधी उलटे काम होते: पाय उचलला की स्वर लांबतात. वाद्य सुरू होताना पेडलवर पाय असला तरीही असे होऊ शकते. अशा वेळी पाय काढून वाद्य बंद करून पुन्हा सुरू करावे.

सदनिकेत हेडफोन लावूनही खालच्या मजल्यावर ठकठक पोहोचते, कारण पट्ट्यांचा आघात स्टँडमधून जमिनीत उतरतो. स्टँडखाली जाड रबर घातल्यास तो पुष्कळ कमी होतो. ब्लूटूथ हेडफोन रियाजाला निरुपयोगी. पट्टी आणि स्वर यांत जाणवण्याइतके अंतर पडते. संगणकावरचा पियानो वाजवताना वाद्यातील लोकल कंट्रोल (पट्टीने वाद्याचा स्वतःचा आवाज वाजण्याची सोय) बंद करावा, नाहीतर प्रत्येक स्वर दोनदा ऐकू येतो.

रंगमंचावर निकष बदलतात. घरी गोड वाटणारा मऊ आवाज ढोलकी, ऑक्टोपॅड आणि बेस गिटारच्या गर्दीत बुडतो. तिथे थोडा टोकदार आवाज लागतो आणि खर्ज छाटावा लागतो. लाइन आउट (मिक्सरला आवाज देण्याचे वेगळे छिद्र) आहे का ते आधी पाहावे. पी-४५ वर ते नाही, हेडफोनच्या छिद्रातूनच आवाज काढावा लागतो. साउंडवाल्यांनी एकच वायर घेतली तर ती डाव्या, मोनो लिहिलेल्या आउटपुटमधून द्यावी. स्टिरिओचे दोन्ही भाग मिक्सरमध्ये एकत्र केल्यास काही वाद्यांचा पियानो पोकळ वाटतो. घरघर आली तर डीआय बॉक्स (वाद्य आणि मिक्सर यांच्या मध्ये जोडायची छोटी पेटी) लावून त्याचा ग्राउंड लिफ्ट, म्हणजे अर्थिंगची जोडणी तोडणारे बटण, दाबून पाहावा. दुसरा अडॅप्टर वापरताना व्होल्टेजइतकाच मधल्या पिनेचा ध्रुवही जुळवावा. तो सगळ्या वाद्यांत सारखा नसतो. वजनाचाही विचार हवा. कॅसिओ पीएक्स-एस११०० सुमारे ११ किलोचा, तर रोलँड आरडी-२००० सुमारे २२ किलोचा आहे. दुसरा एकट्याने जिन्यावरून नेणे कठीण.

मराठी गायकांच्या साथीला ट्रान्सपोज, म्हणजे सगळे स्वर अर्ध्या-अर्ध्या स्वराने वरखाली सरकवण्याची सोय, हाताशी हवे. पांढरी एकची (सी) बोटे तशीच ठेवून काळी एकला (सी शार्प) वाजवायचे असेल तर +१, पांढरी चारला (एफ) +५. मेनूत तीन पायऱ्या खाली दडलेले ट्रान्सपोज दोन गाण्यांच्या मधल्या वेळेत सापडत नाही. ते शून्यावर आणले की नाही, हे पडद्यावर दिसणेही तितकेच गरजेचे.

जुने वाद्य घेताना प्रत्येक पट्टी मंद, मध्यम आणि जोरात अशी तीनदा वाजवावी. एखादीच पट्टी हळू दाबूनही किंचाळत असेल तर बहुधा तिच्याखालच्या रबरी पट्टीतील संपर्कावर धूळ आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर हा दोष अनेकदा जातो. पट्ट्या खटखट वाजत असतील तर आतला फेल्ट झिजला आहे. तो बदलण्यासाठी सगळे वाद्य उघडावे लागते, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च विचारून मगच भाव ठरवावा.