दाढ दाखवायला आलोय, शुगरचं काय मध्येच?

दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसण्याआधी हातात एक कागद येतो. बीपी आहे का, शुगर आहे का, हृदयाची झडप बदलली आहे का, फिट येतात का, हाडांच्या ठिसूळपणासाठी इंजेक्शन घेतलंय का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, तंबाखू-सुपारी खाता का. बहुतेक जण सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळे होतात. ‘दाढ दुखतेय, तेवढी बघा’ एवढंच त्यांचं म्हणणं असतं. गोळ्या फॅमिली डॉक्टरच्या, दात दातवाल्याचे, अशी वाटणी आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. पण त्या कागदावरची एकेक ओळ कुणाच्या तरी जबड्याची, हिरड्यांची, कधी जिवाचीही किंमत देऊन तिथे आली आहे.

ही वाटणी मुळात फार जुनी नाही. सुश्रुतसंहितेत मुखरोगांचा स्वतंत्र अध्याय आहे. ओठ, दंतमूळ, दात, जीभ, टाळू, कंठ आणि संपूर्ण मुख अशा सात जागांचे मिळून 65 रोग तिथे मोजले आहेत. पण ते सांगणारा वैद्य ज्वर आणि प्रमेहही पाहणाराच होता. दात शरीरापासून वेगळे पडले ते संस्थांमुळे. 1840 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला जगातलं पहिलं दंतमहाविद्यालय निघालं, वैद्यकीय महाविद्यालयापासून वेगळं. भारतात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये कलकत्त्यात पहिलं दंतमहाविद्यालय काढलं आणि 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने हा व्यवसाय स्वतंत्र नोंदणीखाली आला. दंतवैद्यकाला याचा फायदाच झाला. जत्रेत दात उपटणाऱ्याच्या हातून ते शास्त्राकडे आलं. नुकसान झालं ते एवढंच, की तोंडाचा कागद एका कपाटात गेला आणि उरलेल्या शरीराचा दुसऱ्या.

औषधं आणि विषं मात्र ही कपाटं जाणत नव्हती. युरोपात कित्येक शतकं उपदंशावर (सिफिलिसवर) पारा देत. पारा चढला की रोग्याच्या तोंडातून लाळेच्या धारा लागत, हिरड्या सुजत, दात हलून पडत. वैद्य त्याला शुभलक्षण मानत. लाळेवाटे रोग बाहेर पडतोय असा त्यांचा समज होता. ज्या 1840 मध्ये बाल्टिमोरचं महाविद्यालय निघालं, त्याच वर्षी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या हेन्री बर्टन यांनी शिशाची बाधा झालेल्या कामगारांच्या हिरड्यांच्या कडेला दिसणारी निळसर रेघ नोंदवली. दात वेगळे शिकवायला सुरुवात झाली त्याच वर्षी एक साधा फिजिशियन हिरडी पाहून अंगातलं विष ओळखत होता.

मग एक काळ असा आला की हे नातं नको तितकं ताणलं गेलं. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम केलेला विलोबी मिलर हा अमेरिकी दंतवैद्य. दातांवरचे जंतू साखरेपासून आम्ल करतात आणि त्याने दात किडतात, ही आज शाळेत शिकवली जाणारी गोष्ट त्याचीच. 1891 मध्ये त्याने पुढचं पाऊल टाकलं: तोंडातला संसर्ग शरीरभर रोग पसरवू शकतो. 1910 मध्ये लंडनचे फिजिशियन विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण करून दातांवरच्या सोन्याच्या टोप्या आणि पुलांखाली (क्राउन-ब्रिजखाली) पू झाकून ठेवणाऱ्या दंतवैद्यांवर कडाडून टीका केली. शिकागोत फ्रँक बिलिंग्ज यांनी ‘केंद्रित संसर्गा’चा, म्हणजे एका जागी दबलेला संसर्ग अंगभर रोग पसरवतो असा, सिद्धांत मांडला आणि बघता बघता संधिवातापासून वेडापर्यंत प्रत्येक दुखण्याचा आरोपी दात ठरला.

पुढची वीस-पंचवीस वर्षं धडधाकट माणसांचे दात अक्षरशः ढिगाने उपटले गेले. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनच्या सरकारी मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी वेड बरं करण्यासाठी रोग्यांचे दात काढले. फरक पडला नाही तर टॉन्सिल, त्यानेही नाही तर मोठ्या आतड्याचे तुकडे. त्या शस्त्रक्रियांत कितीतरी माणसं दगावली. ज्यांना आपली संमती देण्याचाही अधिकार उरला नव्हता अशा माणसांवर हे झालं, याचा मला आजही संताप येतो. अखेर 1938 मध्ये सेसिल आणि अँजेव्हाइन या अमेरिकी डॉक्टरांनी संधिवाताचे 200 रोगी तपासून दात किंवा टॉन्सिल काढल्याने काही साधत नाही असं दाखवलं. सेसिल स्वतः आधी या सिद्धांताच्या बाजूचे होते, म्हणून त्यांच्या कबुलीला वजन आलं. ‘रूट कॅनालने कॅन्सर होतो’ असे जे मेसेज आज मोबाइलवर फिरतात, ते याच पडलेल्या सिद्धांताचं उरलेलं पिल्लू आहे. त्याला आधार नाही.

त्या सिद्धांतातला एक कण मात्र खरा होता. 1935 मध्ये ओकेल आणि एलियट यांनी लंडनमध्ये दात काढल्यावर लगेच 138 रोग्यांचं रक्त तपासलं. 61 टक्के जणांच्या रक्तात तोंडातले जंतू सापडले. निरोगी माणसाचं शरीर ते थोड्या वेळात साफ करतं. पण संधिवाताच्या तापाने (रुमॅटिक फीवरने) हृदयाची झडप खराब झाली असेल किंवा कृत्रिम झडप बसवली असेल, तर हेच जंतू तिथे घर करतात आणि जीव जाऊ शकतो. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने 1955 मध्ये अशा रोग्यांना दात काढण्याआधी प्रतिजैविक द्यायचा सल्ला पहिल्यांदा दिला. नंतर कळलं की रोज दात घासताना, घास चावतानाही जंतू रक्तात जातातच. तेव्हा 2007 मध्ये हा सल्ला कृत्रिम झडप, आधी झालेला झडपेचा संसर्ग, काही जन्मजात हृदयविकार अशा अति जोखमीच्या रोग्यांपुरता मर्यादित केला. आपल्याकडे लहानपणी संधिवाताचा ताप येऊन झडप गेलेली माणसं आजही मोठ्या संख्येने आहेत. झडप बदललेली आहे ही गोष्ट दातांच्या डॉक्टरला न सांगणं त्यांना परवडणारं नाही.

शुगरची ओळ अलीकडची. मधुमेहात दात हलतात हे जुने वैद्यही पाहत होते, पण 1993 मध्ये हॅराल्ड ल्यो यांनी हिरड्यांचा आजार ही मधुमेहाची सहावी गुंतागुंत आहे असं थेट लिहिलं. डोळे, मूत्रपिंड, मज्जातंतू, रक्तवाहिन्या अशा जुन्या गुंतागुंतींच्या पंगतीत त्यांनी हिरडीला बसवलं. रस्ता दुहेरी आहे: शुगर वाढली की हिरड्यांचा संसर्ग बळावतो, आणि बळावलेला संसर्ग शुगर चढी ठेवतो. हिरड्यांवर नीट उपचार केले तर शुगरच्या तीन महिन्यांच्या सरासरीचा, म्हणजे एचबीए1सीचा, आकडा सुमारे 0.4 टक्क्याने खाली येतो असं एकत्रित अभ्यासांतून दिसलं आहे. हृदयविकाराबाबत मात्र हात राखून बोलावं लागतं. हिरड्यांचा आजार आणि हार्ट अटॅक बरेचदा सोबत दिसतात हे खरं, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. ट्रेंटनचं झालेलं पाहता इथे घाई नकोच.

हाडांच्या इंजेक्शनबद्दल का विचारतात, यासाठी काडेपेटीच्या कारखान्यात जावं लागतं. 1830 च्या दशकात पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या निघाल्या. त्या बनवणाऱ्या मुलींच्या नाकातोंडात दिवसभर तो धूर जाई. आधी दाढ दुखे, ती काढली की जखम भरतच नसे, मग जबड्याचं हाड उघडं पडे आणि सडे. घरातली माणसंही जवळ बसू शकणार नाहीत इतकी दुर्गंधी येई. 1845 मध्ये व्हिएन्नाचे डॉक्टर लोरिन्सर यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, तरी धंदा चालूच राहिला. 1888 च्या जुलैत लंडनच्या बो भागातल्या काडेपेटी कारखान्यातल्या सुमारे 1,400 बायका आणि मुलींनी संप केला. त्यांची हलाखी छापून चव्हाट्यावर आणली होती ॲनी बेझंट यांनी. पुढे भारतात होमरूल लीग काढणाऱ्या आणि 1917 मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या त्याच ॲनीबाई. 1906 मध्ये बर्न शहरात पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारतातही 1913 मध्ये अशा काड्यांवर बंदीचा कायदा आला. रोग इतिहासजमा झाला असं सगळ्यांनी धरलं.

तो परत आला औषधाच्या कुपीतून. 2003 मध्ये मायामीचे शल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी 36 रोग्यांची नोंद प्रसिद्ध केली. कॅन्सर हाडांत पसरला म्हणून त्यांतल्या बहुतेकांना पामिड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट ही इंजेक्शनं दिली होती, आणि त्यांच्या जबड्याचं हाड उघडं पडून भरून येत नव्हतं. ही बिस्फॉस्फोनेट औषधं हाड खाणाऱ्या पेशींना रोखतात, त्यामुळे हाड टिकतं. पण हाड सांधायचं तर जुनं खरवडून नवं घालावं लागतं, आणि दात काढल्यावर जबड्याला नेमकं तेच करायचं असतं. काडेपेटीच्या मुलींच्या शरीरातही फॉस्फरसपासून असंच काही रसायन तयार होत असावं, असं काही संशोधकांचं मत आहे. पुढे डेनोसुमॅबसारख्या वेगळ्या औषधांनीही हेच घडताना दिसलं, तेव्हा 2014 मध्ये अमेरिकी तज्ज्ञांनी या आजाराचं नाव बदलून ‘औषधजन्य’ असा शब्द त्यात घातला. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याला गोळी घेणाऱ्या आजीला यातला धोका फार थोडा असतो. भीतीने तिने गोळी बंद करू नये. कॅन्सरच्या रोग्याचे काढायचे दात मात्र इंजेक्शन सुरू होण्याआधी काढून घेतात. डोक्या-मानेला रेडिएशन देण्यापूर्वीही हाच क्रम असतो.

फिटच्या गोळ्यांची गोष्ट छोटी, पण घरोघरची. 1938 मध्ये मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइनचा उपयोग दाखवला आणि अपस्माराच्या रोग्यांना गुंगी न येता जगता येऊ लागलं. पुढच्याच वर्षी किंबॉल यांनी लिहिलं की हे औषध घेणाऱ्यांच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. 1980 च्या दशकात मूत्रपिंड बदललेल्यांच्या सायक्लोस्पोरीनने आणि बीपीच्या निफेडिपिननेही तसंच होताना दिसलं. दात स्वच्छ ठेवले तर वाढ बरीच आटोक्यात राहते. पण फिट येणाऱ्या मुलीच्या लग्नाची काळजी करणारे आईबाप हिरड्या दिसू नयेत म्हणून तिला हसू नको सांगतात, आणि दातांच्या डॉक्टरकडे नेत नाहीत. तिथे गोळीचं नाव सांगावं लागेल याचीच त्यांना धास्ती.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीच्या बाबतीत चूक उलट दिशेने होते. दाढ काढायची म्हणून लोक आपल्या मनानेच चार दिवस गोळी बंद करतात. पूर्वी डॉक्टरही तसंच सांगत. आता बहुतेक वेळा गोळी चालू ठेवूनच दात काढतात, टाका घालून आणि कापूस दाबून रक्त थांबवतात. कारण हिरडीतून थोडं जास्त रक्त येणं सोसता येतं, मेंदूत अडकलेली गुठळी नाही. टेट्रासायक्लिन लहानपणी घेतलेल्यांचे करडे-पिवळे पट्ट्यांचे दात एका पिढीने पाहिले. ते औषध दात तयार होत असतानाच कॅल्शियमला चिकटतं. आणि तोंडाला कोरड पाडणाऱ्या गोळ्या तर शेकड्यांनी आहेत: नैराश्याच्या, ॲलर्जीच्या, लघवीच्या. लाळ आटली की दात झपाट्याने किडतात. अफूजन्य व्यसन सोडवताना जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने जानेवारी 2022 मध्ये दातांवरच्या परिणामांचा इशारा दिला, आणि त्याच दमात गोळी सोडू नका, ती विरघळल्यावर पाण्याने चूळ भरा असंही सांगितलं. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाला किडके दात पाहून दटावणारे खूप भेटतात. हे असं सांगणारे कमी.

शेवटची ओळ आपल्या घरातली. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजून, कुटून केलेली मशेरी गावागावांतल्या बायका दातांना लावत आल्या आहेत. दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून चार-पाचदा बोट हिरडीवर फिरतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता आणि कोपनहेगनचे येन्स पिंडबोर्ग यांच्या चमूने पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 गावकऱ्यांची तोंडं तपासून 1972 मध्ये निष्कर्ष छापले. एकेका माणसाला तोंड उघडायला लावून. तंबाखू आणि तोंडातल्या कॅन्सरपूर्व चट्ट्यांचं नातं अशा कामातून पक्कं झालं. दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने 1992 मध्ये बंदी केली. घरच्या तव्यावर मात्र तो कायदा पोहोचत नाही.

सुपारीचा गुन्हा उशिरा उघड झाला. 1952 मध्ये श्वार्ट्झ यांनी आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडाचं अस्तर आक्रसल्याचं नोंदवलं. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशी यांनी या आजाराला आज चालतं ते नाव दिलं, सबम्युकस फायब्रोसिस. आधी तिखट झोंबतं, मग गालांच्या आत दोरीसारखे पट्टे हाताला लागतात, मग तोंड उघडेनासं होतं. कारण तंबाखू नसून सुपारी आहे. तिच्यातलं ॲरेकोलिन तंतू वाढवतं. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने सुपारीलाच कॅन्सरकारक ठरवलं. गुटख्याच्या पुड्या आल्यावर पन्नाशीतला हा आजार विशीतल्या पोरांत दिसू लागला. महाराष्ट्राने 2002 मध्ये गुटखाबंदी केली, ती सर्वोच्च न्यायालयात 2004 मध्ये टिकली नाही. 2012 मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली पुन्हा बंदी आली. पण विदर्भातला खर्रा आणि इतरत्र मिळणारा मावा ही सुपारी-तंबाखूची मिश्रणं तर टपरीवर घोटूनच देतात.

असा एखादा तरुण अपेंडिक्स किंवा हर्नियासाठी भरती होतो. दातांचा त्याचा काही प्रश्न नसतो. भूल देणारे डॉक्टर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी येतात आणि म्हणतात, तोंड उघड, तुझी तीन बोटं उभी आत घाल बरं. श्वासाची नळी घालायला तेवढी जागा लागते. त्याचं एकच बोट जातं.