गृहत्याग (महानुभाव पंथ)

घरदार, गाव आणि नातीगोती कायमची सोडून भिक्षेवर राहण्याची महानुभाव संन्याशांची रीत. हा पंथ तेराव्या शतकात रुजला. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर ही त्याची काशी.

या रीतीच्या मुळाशी नवराबायकोचे भांडण आहे. म्हाइंभटांनी लिहिलेल्या चक्रधरांच्या चरित्रानुसार, म्हणजे ‘लीळाचरित्रा’नुसार (सुमारे १२७८), पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी हे पूर्वाश्रमीचे हरिपाळदेव, गुजरातेतील भडोचच्या प्रधानाचे पुत्र. त्यांना जुगाराचा नाद होता. एकदा मोठी रक्कम हरल्यावर देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नीकडे दागिने मागितले. तिने दिले नाहीत. पैसे पुढे वडिलांनी भरले, पण संसारावरून मन उडाले ते उडालेच. रामटेकच्या यात्रेचे निमित्त काढून ते निघाले, सोबतची माणसे वाटेतच मागे ठेवली आणि एकटे रिद्धपुरास पोचले. तेथे त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांनी त्यांच्या हाती शेंगुळ्याचा प्रसाद ठेवला. वऱ्हाडातल्या चुलीवर आजही होणारा हा साधा पदार्थ त्यांचा अनुग्रह ठरला.

जुगार आणि पत्नीचा नकार चरित्रकाराने झाकला नाही, हे या ग्रंथाचे मोठेपण. ती पत्नी मात्र कथेतून तिथेच सुटते. दागिने तिचे स्त्रीधन होते. ते जुगाराच्या देण्यात घालायला तिने नकार दिला, यात तिचे काय चुकले? घर सोडणाऱ्याची वाट पुढे पंथ झाली, मागे राहिलेलीचे काय झाले ते कुणी सांगितले नाही. ही उणीव मोठी आहे.

पुढे चक्रधरांनी शिष्यांना आपला देश, आपले गाव आणि विशेषतः आप्तांचा संबंध टाकायला सांगितले. बायकांनाही ही वाट मोकळी होती. मासिक पाळीचा विटाळ चक्रधरांनी मानला नाही. बालविधवा महदाइसा या वाटेने आली. चक्रधरांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांची आई आबाइसा आणि बहीण उमाइसाही आल्या, म्हणजे मागे टाकलेली नाती पंथात पुन्हा भेटली. महदाइसेने रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या खेळात ‘धवळे’ गायिले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून ती ओळखली जाते. घर सोडलेल्या बाईच्या तोंडी लग्नाची गाणी आली आणि ती टिकली.

घर न सोडणारे अनुयायी ‘वासनिक’. ते उपदेश घेतात आणि शेतीवाडी, लेकरेबाळे सांभाळून भिक्षुकांना अन्न देतात.