आक्कांच्या पिशवीमागचा १३२ वर्षांचा कायदा

येत्या रविवारी उपासना झाली की मिरजेत आमच्या चर्चच्या मंडळीत जुन्या नर्स आक्कांचा सत्कार आहे. मानपत्राचा मसुदा वाचायला मिळाला, त्यात रुग्णसेवा हा शब्द तीनदा आलाय, पण मार खाणाऱ्या बायकांना घेऊन त्या कोर्टात जायच्या त्याचं नावपण नाही, म्हणून हे लिहितेय, कारण आजच्या पोरींना ती बाजू माहीतच नाही.

रुग्णसेवेचं सगळ्यांना ठाऊक आहे. मिशनरी डॉक्टर वानलेस १८८९ ला भारतात आले, १८९४ ला मिरजेत दवाखाना उभा राहिला, आणि ज्या काळात नर्सचं काम चांगल्या घरच्या बाईचं नाही असं लोक तोंडावर म्हणायचे तेव्हा आपल्या ख्रिस्ती मुलींनीच ते अंगावर घेतलं. आक्का त्याच परंपरेतल्या, मिरजेत नर्स म्हणून आयुष्य गेलं त्यांचं. पण वॉर्डात 'जिन्यावरून पडले' म्हणत येणाऱ्या बायका त्यांनी इतक्या बघितल्या की नुसतं ड्रेसिंग करून घरी पाठवणं त्यांना जमेना.

आणि तिथं आडवा यायचा १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा, जो ख्रिस्ती लोकांना लागू होता. नवऱ्याला घटस्फोटासाठी बायकोचा व्यभिचार एवढं एकच सिद्ध केलं की झालं, पण बायकोला नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नव्हता, त्याच्या जोडीला क्रूरता नाहीतर दोन वर्षं टाकून दिल्याचं वगैरे दाखवावं लागायचं. नुसती मारहाण असेल तर घटस्फोट नाहीच, फार तर कोर्टाकडून वेगळं राहायची परवानगी, म्हणजे दुसरं लग्न करायची वाट बंद. हिंदू विवाह कायद्यात १९७६ ला क्रूरता हे घटस्फोटाचं कारण झालं, म्हणजे शेजारच्या खाटेवरची बाई मारहाणीवरून सुटू शकत होती आणि आपली नाही. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की हा भेद इंग्रजांनी त्यांच्या कायद्यातून इकडं आणला, स्वतःकडं १९२३ ला काढूनपण टाकला, आणि आपण मात्र स्वातंत्र्यानंतरही तो धरून बसलो.

बरं, एवढं करून जिल्हा कोर्टानं घटस्फोट दिला तरी तो पक्का नाही, हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी कायम केल्यावरच पक्का. केस चालू असताना मिळणारी पोटगी नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशाच्या वर जायची नाही.

आक्कांची खाकी कापडी पिशवी मला लहानपणापासून आठवते. आत चर्चच्या रजिस्टरमधला लग्नाचा दाखला, पोरांचे बाप्तिस्म्याचे दाखले, दवाखान्याचे केसपेपर, सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, वर चपातीचा डबा. रात्रपाळी संपली की त्या बाईला घेऊन सांगलीची बस, कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर दिवसभर बसायचं, पुढची तारीख घेऊन परत यायचं. मंडळीतल्या काही मोठ्या लोकांनी तेव्हा 'घर फोडणारी' म्हणलेलं, बोलणी खाल्ली त्यांनी पण पिशवी काय खाली ठेवली नाही.

कायदा बदलायला फार वेळ लागला. १९८३ ला लॉ कमिशननं ९० व्या अहवालात बदल सुचवला, तो पडून राहिला, देशभरातल्या चर्चमधल्या बायकांनी मागणी लावून धरली, १९९७ ला मुंबई हायकोर्टानं प्रगती वर्गीस खटल्यात सांगितलं की क्रूरता किंवा टाकून देणं ही कारणं बाईला व्यभिचाराशिवायही पुरेत, आणि २००१ ला संसदेनं दुरुस्ती केली. कारणं दोघांना सारखी झाली, पोटगीची मर्यादा गेली, हायकोर्टाच्या शिक्क्याची अट गेली, परस्पर संमतीचा घटस्फोट आला.

आक्कांनी ज्यांना साथ दिली त्यातल्या बऱ्याच जणींची केस यापूर्वीची, त्यांना हे काहीच मिळालं नाही. त्यातल्या दोघी रविवारी येणार आहेत. पाळकसाहेबांना मी मानपत्रात कोर्टाची ओळ घालायला सांगितलंय, ते हो म्हणालेत, आणि आक्कांना ती पिशवी घेऊन या म्हणलंय.