वाडी आणि वादी

२ ऑक्टोबर २०२१, शनिवार. गांधी जयंती आणि शनिवार एकत्र आल्याने एक सुट्टी बुडाली होती, त्या दुःखात मी गोरेगावच्या घरी जेवून जरा आडवा झालो होतो. तेवढ्यात मस्कतहून मावसबहिणीचा फोन आला. "दादा, आमच्याकडे चक्रीवादळ येतंय. उद्या-परवा सरकारने सुट्टी दिलीय. काय काय करून ठेवू?"

मुंबईकराला पावसाबद्दल सल्ला विचारायचा म्हणजे कोल्हापूरकराला मिसळीबद्दल विचारण्यासारखं. मी सुरूच झालो. मोबाइल चार्ज कर, मेणबत्त्या आण, बादल्या भर, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे झालंय रे. पण इथे पावसाच्या पाण्याला गटारं नावालाच आहेत. आणि आमची बिल्डिंग वादीच्या कडेला."

मला ऐकू आलं 'वाडीच्या कडेला'. म्हटलं, मग बरंच की, झाडं वारा अडवतील.

"वाडी नाही रे, वादी! द, दगडातला. कोरडी नदी."

आपल्या वाडीत नारळ-सुपारी असते. त्यांच्या वादीत गोटे, रेती, एखादं काटेरी झुडूप आणि सोयीची जागा म्हणून लावलेल्या गाड्या. वर्षातले बहुतेक दिवस तिथे पाणी नसतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी ते कुणाला विचारून येत नाही.

हे वादळ आधी आपल्याच अंगणातून गेलं होतं. २६ सप्टेंबरला ते आंध्रच्या किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं, तेव्हा त्याचं नाव होतं 'गुलाब'. पुढचे दोन दिवस त्याच्या उरल्यासुरल्या ढगांनी मराठवाडा धुऊन काढला. लातूर, बीड, उस्मानाबादेत काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. जमिनीवर वाफेचा पुरवठा तुटला की चक्रीवादळ मरगळतं, तसं हेही मरगळलं. पण गुजरात ओलांडून अरबी समुद्रात उतरल्यावर त्याला पुन्हा कोमट पाणी मिळालं आणि ते उठून बसलं. मधल्या काळात ते साध्या कमी दाबाच्या क्षेत्राइतकं क्षीण झालेलं असल्यामुळे जुनं नाव बाद ठरलं. नवं नाव 'शाहीन', म्हणजे ससाणा. गुलाब पाकिस्तानने सुचवलेलं, शाहीन कतारने. एकाच वादळाची दोन बारशी, आणि दोन्ही वेळा नाव जाहीर करणारं आपलं दिल्लीचं हवामान खातं. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रातल्या वादळांचे इशारे ओमानसह १३ देशांना तिथूनच जातात.

३ ऑक्टोबरला शाहीन ओमानच्या उत्तरेकडच्या बातिना किनाऱ्यावर आदळलं. त्या भागावर थेट असं वादळ त्याआधी आलं होतं जून १८९० मध्ये. मधे १३१ वर्षं गेली. म्हणजे 'आमच्या आजोबांच्या वेळी पाणी इथवर आलं होतं' असं सांगणारं कुणीही गावात उरलेलं नव्हतं. माझ्या मते दुर्मीळ वादळाचा खरा त्रास तिथून सुरू होतो. वाऱ्याचा वेग उपग्रह सांगतो, पण पाणी कोणत्या गल्लीतून येतं ते म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं.

तिकडे वादळं इतकी क्वचित का जातात? चक्रीवादळ म्हणजे ढगांची उतरंड समजा. खालचं मडकं समुद्राला टेकलेलं, वरचं बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर. पावसाळ्याच्या महिन्यांत अरबी समुद्रावर खालचे वारे नैर्ऋत्येकडून जोरात येतात, वरचे पूर्वेकडून. उतरंडीचा पाया एकीकडे आणि शेंडा दुसरीकडे ढकलला तर ती उभी राहील कशी? शिवाय तेच मोसमी वारे ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यालगतचं पृष्ठभागाचं पाणी बाहेर लोटतात आणि खालचं थंड पाणी वर येतं. वादळाला साधारण साडेसव्वीस अंशांहून कोमट समुद्र लागतो, तो तिथे मिळत नाही. यातूनही एखादं तगलंच, तर वाळवंटाची कोरडी हवा त्याच्या पोटात शिरते. म्हणून मोसमाच्या आधीचे मे-जून आणि नंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर, एवढ्याच काय त्या फटी.

त्या फटी आता रुंदावत आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ हे दोन कालखंड ताडून पाहिले. अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली निघाली, बंगालच्या उपसागरातली थोडी कमीच झालेली. कारण ओळखीचंच आहे, समुद्र तापतोय. २०१५ च्या नोव्हेंबरात तर चपाला आणि मेघ ही दोन वादळं आठवड्याभराच्या अंतराने येमेनकडे गेली.

आता पाण्याकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. खाबुरा गावात शाहीनने एका दिवसात ३६९ मिलिमीटर पाऊस टाकला. मस्कतचा वर्षभराचा पाऊस सुमारे १००. मुंबईत एवढा पाऊस पडला तर लोकल बंद पडेल, हिंदमात्याला होड्या निघतील आणि दोन दिवसांत आपण विसरूनही जाऊ. सांताक्रूझने २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पाहिलेत. आकड्याने घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते तो आकडा ज्या जमिनीवर पडतो तिला.

वाळवंटात वाळू पाणी पिऊन टाकेल, असं मलाही वाटायचं. वाळूचे डोंगर पितातही. पण उत्तर ओमान तसा नाही. तिथे हजर पर्वत आहे, उघडाबोडका खडक, सर्वांत उंच जबल शम्स सुमारे ३,००० मीटर (आपलं कळसूबाई १,६४६). डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीत माणसं राहतात. सह्याद्री आणि कोकणच म्हणा, फक्त सगळं हिरवं खरवडून काढलेलं. समुद्रावरची दमट हवा डोंगराला थडकते, वर चढते, थंड होते आणि तिथेच रिकामी होते.

आणि मग सारवण. अंगण सारवताना शेणामातीचा पातळ काला हाताने फिरवतो, तो बारीक छिद्रांत बसतो. वाळल्यावर पाणी शिंपडलं तर थेंब काही वेळ वरच चमकत राहतो. मुसळधार सर उघड्या जमिनीवर हेच करते. वर पालापाचोळा नाही, गवत नाही, थेंब थेट मातीवर आपटतो. मातीचे बारीक कण सुटतात, पाण्यात कालवले जातात आणि छिद्रं बुजवून टाकतात. काही मिनिटांत पाऊस स्वतःच जमीन सारवून घेतो, आणि पुढचं पाणी तिच्यावरून सुटतं ते वादीकडे.

किती पाणी? अंदाजापुरता हिशेब करू. एका वादीला १०० चौरस किलोमीटर डोंगराचं पाणी मिळतं, तिथे २०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं निम्मंच वाहून आलं, असं धरा. ते होतं १,००० कोटी लिटर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला तुळशी तलाव काठोकाठ भरला तरी ८०० कोटींच्या आसपास असतो. म्हणजे एका रात्रीत अख्ख्या तुळशी तलावाहून जास्त पाणी उतारावरून घसरत येणार. तुमच्या डोक्यावर तेव्हा चांदणं असू शकतं; पाऊस दोन तासांपूर्वी डोंगरात पडून गेलेला असतो.

वादीच्या पुरात बळी जातात ते बरेचदा गाडीतले. 'टायर अर्धाच तर बुडतोय' म्हणून लोक गाडी घालतात. लहान मोटारीचा तळ साधारण ४ मीटर लांब, १.६ मीटर रुंद. तळाच्या वर २० सेंटिमीटर पाणी चढलं की बाजूला सारलेलं पाणी होतं १.२८ घनमीटर, म्हणजे जवळपास १,३०० किलोचा वरच्या दिशेने रेटा. पाणी आत शिरेपर्यंत एवढा रेटा लहान गाडीला उचलायला पुरतो. जमिनीपासून मोजलं तर हे पाणी गुडघ्याच्या खालीच असतं. त्यात ते गढूळ आणि वाहतं. चाकांची पकड सुटली की गाडी ही फक्त एक काचा लावलेली पेटी.

म्हणून तिकडच्या तयारीत मेणबत्तीचा नंबर बराच खाली लागतो. बहिणीने पहिल्यांदा गाडी उंचावरच्या रस्त्यावर नेऊन लावली. दुसरं पिण्याचं पाणी, आणि इथे आपल्या बादल्यांचा सल्ला मात्र कामाचा ठरला. मस्कतचं नळाचं पाणी समुद्रातून येतं, खारं पाणी गोडं करून. जून २००७ मध्ये गोनू वादळ आलं, ओमानमध्ये सुमारे ५० माणसं गेली, आणि गोडं पाणी करणारे घुब्रा आणि बरका इथले मोठे प्रकल्प काही दिवस बंद पडले. समोर अख्खा समुद्र आणि नळाला थेंब नाही.

तिसरी गोष्ट मला कधीच सुचली नसती. गच्ची. आपल्याकडे गच्चीची पन्हळ दर मे महिन्यात साफ होते, कारण जून ठरलेला असतो. तिकडे ती कुणासाठी साफ करायची? मेहुणे खराटा आणि स्वयंपाकघरातला उलथना घेऊन वर गेले, तर पाणी जायच्या भोकात वाळूचा सिमेंटसारखा घट्ट बसलेला गोळा होता, त्यात कबुतराची पिसं आणि एसीच्या पाइपाचा तुकडा. २०० चौरस मीटरच्या गच्चीवर वीतभरही नाही, १० सेंटिमीटर पाणी तुंबलं तरी स्लॅबवर २० टनांचा भार येतो. दाराशी रचायच्या पोत्यांना वाळूची तेवढी टंचाई नव्हती.

त्या रात्री वादी आली. पाणी त्यांच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढलं आणि उतरलं. बातिना पट्टीत सुवैक, खाबुरा इथे घरं चिखलाने भरली, देशभरात दहाहून अधिक माणसं गेली.

आपली गत बरोबर उलटी आहे. मुंबईला पाण्याची सवय आहे, वाऱ्याची नाही. १७ मे २०२१ ला तौक्ते किनाऱ्यापासून दूरवरूनच गेलं, तरी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर गेले आणि रस्तोरस्ती झाडं आडवी झाली. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर दाब चौपट. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. तिकडे वादी, इकडे वाडी.

ओमानी लोक पुराचं पाणी नुसतं सोडूनही देत नाहीत. मस्कतजवळ अल खौदला १९८५ पासून एक धरण आहे, आपल्या पाझर तलावाचं मोठं भावंड. पूर अडवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि निवळलेलं पाणी हळूहळू खालच्या रेतीत सोडायचं. किनाऱ्यावरच्या विहिरी उपशामुळे खाऱ्या होत चालल्यात. हे गोडं पाणी जमिनीखालून समुद्राला थोपवतं.

जे पाणी कुणीच अडवत नाही त्याचं काय होतं, ते आपण विदर्भात पाहिलं. २०१८ च्या मे महिन्यात मेकुनू आणि ऑक्टोबरात लुबान, या दोन वादळांनी अरबस्तानातल्या रुब अल खाली वाळवंटात तळी साठवली. माणूसकाणूस नसलेल्या त्या ओल्या वाळूत टोळांनी अंडी घातली. नऊ महिन्यांत तीन पिढ्या, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबाने संख्येत ८,००० पट वाढ. तिथून थवे येमेन, पूर्व आफ्रिका, इराण, पाकिस्तान करत राजस्थानात आले. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांतले शेतकरी संत्र्याच्या बागांत धूर करून पत्र्याचे डबे बडवत उभे होते, दोन वर्षांपूर्वी अरबस्तानात पडलेल्या पावसावर.